पूरमॉडेलची जमीन आणि फाइलींची यादी

पूर कुठवर पसरेल आणि कुठे किती खोल साचेल हे संगणकावर काढायचे, तर पाण्याच्या आधी जमीन लागते. पाऊस, धरणाचा विसर्ग, पात्राचा खडबडीतपणा हे आकडे नंतरचे. पाण्याला वाहायला आधी चढ-उतार हवेत. ते अंकीय उंची-नकाशातून मिळतात. या क्षेत्रात त्याला सरसकट 'डीईएम' म्हणतात. जमिनीवर सारख्या मापाच्या चौकटींची जाळी कल्पायची आणि दर चौकटीला एक उंची द्यायची, एवढीच त्याची रचना. अडचण आकाराची असते. चौकट १ मीटरची धरली, तर एका चौरस किलोमीटरमध्येच १० लाख उंच्या होतात. एवढा ऐवज एका फाइलीत देता येत नाही, म्हणून मोजणी करणाऱ्या संस्था देशाचे चौकोनी तुकडे पाडतात आणि दर तुकड्याची स्वतंत्र फाइल देतात. या तुकड्याला 'टाइल' म्हणतात.

इंग्लंडच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने विमानातून लेसरने केलेली उंची-मोजणी, म्हणजे लायडार, सप्टेंबर २०१५ मध्ये सर्वांना मोफत खुली केली. बराच काळ ही माहिती एक किलोमीटर बाजूच्या टाइलींत मिळत असे. १० किलोमीटर बाजूचा चौकोन घेतला की फोल्डरमध्ये १०० फाइली येत. सेव्हर्न आणि एव्हन या नद्यांच्या संगमावरचे ट्यूक्सबरी गाव जुलै २००७ च्या पुरात वेढले गेले. त्याच पुरात जवळचे माइद जलशुद्धीकरण केंद्र पाण्याखाली गेल्याने सुमारे साडेतीन लाख लोकांचा नळ बंद पडला. अशा संगमाचे मॉडेल उभारताना दोन्ही नद्यांची खोरी घ्यावी लागतात, आणि टाइलींची संख्या सहज काही शेकड्यांत जाते. त्या माउसने एकेक करून निवडणे कंटाळवाणे असतेच, पण त्याहून वाईट म्हणजे त्यात काय राहून गेले याचा माग उरत नाही. म्हणून कमांड लाइनवर फाइलींची यादी काढण्याची जुनी, साधी युक्ती या कामात अजूनही टिकून आहे. पुस्तकांत तिला एखादे पान मिळते. प्रत्यक्षात मॉडेल कोणत्या जमिनीवर उभे आहे याचा पहिला आणि पुष्कळदा एकमेव लेखी पुरावा तीच असते.

यादी उपयोगी पडते ती टाइलींच्या नावांमुळे. ब्रिटिश राष्ट्रीय जाळीत दोन अक्षरे १०० किलोमीटरचा चौकोन सांगतात, त्यापुढचे दोन अंक पूर्वेकडचे अंतर आणि आणखी दोन उत्तरेकडचे. 'एसओ८९३२' हे नाव वाचले की ट्यूक्सबरीच्या ॲबीचा किलोमीटर कळतो. त्याच्या पूर्वेची टाइल 'एसओ९०३२' आणि उत्तरेची 'एसओ८९३३' असणार, हे फाइल न उघडता सांगता येते. 'एंडेव्हर' अंतराळयानाने ११ ते २२ फेब्रुवारी २००० दरम्यान रडारने पृथ्वीची उंची मोजली, ती एसआरटीएम मोहीम. तिच्या टाइली एक अंश लांब-रुंद आहेत आणि नाव नैऋत्य कोपऱ्याचे असते. सांगली आणि कोल्हापूर दोन्ही 'एन१६ई०७४' मध्ये येतात, कोयना धरण 'एन१७ई०७३' मध्ये, कराड 'एन१७ई०७४' मध्ये.

एसआरटीएमच्या 'एचजीटी' फाइलीत नाव हे निव्वळ लेबल नसते. या फाइलीला मथळा नाही, अक्षांश-रेखांश नाहीत, जाळीचे माप नाही. आत फक्त उंच्यांची सलग रांग. ती जमीन पृथ्वीवर कुठे आहे हे संगणकाला केवळ नावावरून कळते. कोणी सोयीसाठी फाइलीचे नाव 'सांगली' असे ठेवले, तर जमीन बेपत्ता होते. नावातला एक अंक चुकला, तर सांगली एका अंशाने, म्हणजे शंभरेक किलोमीटर, सरकते. जाळीचे माप कळते फाइलीच्या आकारावरून. एक कोनीय सेकंदाच्या जाळीत ३६०१ गुणिले ३६०१ उंच्या आणि दर उंचीला दोन बाइट, म्हणजे नेमके २,५९,३४,४०२ बाइट. तीन सेकंदांच्या जाळीत १२०१ गुणिले १२०१, म्हणजे २८,८४,८०२ बाइट. तिसरा आकार असूच शकत नाही. त्यामुळे आकारासकट काढलेली यादी नुसती नजरेखालून घातली, तरी अर्धवट उतरलेली फाइल लगेच सापडते.

एएससी प्रकारच्या फाइलींना ही कसोटी लागत नाही. त्या साध्या मजकुराच्या असतात. वर सहा ओळींत स्तंभ, ओळी, कोपऱ्याचे दोन सहनिर्देशक, चौकटीचे माप आणि 'माहिती नाही' याची खूण, आणि खाली आकडे. उंची दोन अंकी की तीन अंकी यावर फाइलीचा आकार बदलतो. तरीही शेजारच्या टाइलींच्या मानाने दशांशावर आलेली फाइल संशयास्पदच.

आता प्रत्यक्ष आज्ञा. विंडोजमध्ये 'डिर' आणि लिनक्स किंवा मॅकवर 'एलएस' किंवा 'फाइंड'. 'डिर'ला '/बी' जोडले की तारीख, आकार, बेरीज असा पसारा गळून फक्त नावे उरतात. '/एस' जोडले की पोटफोल्डरांतल्या फाइलीही येतात, आणि दोन्ही जोडले की दर नावाआधी ड्राइव्हपासूनचा पूर्ण मार्ग लागतो. '/ओ:एन' नावाप्रमाणे क्रम लावते. तारांकन हे 'काहीही चालेल' याचे चिन्ह, '*.एएससी' म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या फाइली. शेवटी '>' हे चिन्ह आणि एक नाव दिले की पडद्यावर उमटणारी यादी त्या नावाच्या फाइलीत जाऊन बसते. इथे नवखे हमखास ठेचकाळतात. '>' पुढची फाइल आज्ञा चालण्याआधीच तयार होते, म्हणून गाळणी न लावता त्याच फोल्डरात यादी काढली, तर यादीचे स्वतःचे नावही यादीत येते आणि पुढचे सॉफ्टवेअर तिला टाइल समजून उघडायला जाते.

गाळणीही वाटते तितकी नेमकी नसते. विंडोजच्या ज्या डिस्कवर जुन्या पद्धतीची आठ-तीन अक्षरी छोटी नावे चालू असतात, तिथे '*.टीआयएफ' म्हटले तरी चार अक्षरी 'टीआयएफएफ' फाइलीही येतात, कारण त्यांच्या छोट्या नावाचा शेवट तीनच अक्षरांचा असतो. उलट लिनक्सवर मोठी आणि लहान लिपी वेगळी धरली जाते, त्यामुळे मोठ्या लिपीतल्या 'एएससी' टाइली गुपचूप गळतात. दुसरी गाळणी आशयाची. लायडारच्या त्याच टाइलीच्या दोन आवृत्त्या मिळतात. 'डीटीएम' म्हणजे झाडे-घरे वजा केलेली उघडी जमीन आणि 'डीएसएम' म्हणजे छपरे-शेंडे यांच्यासकटचा पृष्ठभाग. नावात ही अक्षरे असतात, म्हणून 'फाइंडएसटीआर' किंवा 'ग्रेप'ने यादीतून एकच जात वेगळी काढता येते. दोन्ही मिसळल्या, तर एका किलोमीटरवर पाणी रस्त्यावरून वाहते आणि पुढच्या किलोमीटरवर झाडांच्या भिंतीला अडते.

यादीचा सर्वांत मोठा उपयोग जे नाही ते दाखवण्याचा. त्यासाठी दोन याद्या लागतात. हातात असलेली एक आणि असायला हवी ती दुसरी. दुसरी यादी नावांच्या नियमावरून बनते. 'एसओ८३' या चौकोनाच्या टाइली 'एसओ८०३०'पासून 'एसओ८९३९'पर्यंत. दोन अंक शून्य ते नऊ फिरवणारे दोन ओळींचे आवर्तन त्या १०० ओळी लिहून देते. मग दोन्ही याद्या क्रमाने लावून लिनक्सच्या 'कॉम'ने किंवा विंडोजच्या 'फाइंडएसटीआर'ने वजाबाकी केली की हरवलेली टाइल उघडी पडते. ओळी मोजणेही बरेच काही सांगते. १०० हव्या होत्या आणि ९९ आल्या, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

वरच्या कृष्णेचे उदाहरण यासाठी बोलके आहे. नृसिंहवाडीच्या संगमापर्यंतचे खोरे एसआरटीएमवर मांडायचे, तर नकाशाकडे पाहून चार टाइली पुरेशा वाटतात: 'एन१६' आणि 'एन१७', 'ई०७३' आणि 'ई०७४'. महाबळेश्वर १८ अंशांच्या दक्षिणेला आहे, कोयना आहे, कराड-सांगली आहेत. पंचगंगेचा उगमही यातच बसतो. पण कृष्णा आणि नीरा यांची खोरी वेगळी करणारी रायरेश्वर, केंजळगड, मांढरदेव ही डोंगररांग १८ अंशांच्या किंचित उत्तरेला आहे. तिच्या दक्षिण उतारावरचे पाणी धोमच्या धरणात, म्हणजे कृष्णेतच येते. ती चिंचोळी पट्टी 'एन१८ई०७३' मध्ये आहे. ती टाइल यादीत नसेल, तर पाणलोटाची उत्तर कड डोंगरमाथ्यावर न थांबता १८ अंशांच्या रेषेवर सुरीने कापल्यासारखी सरळ येते. पाण्याच्या एकूण हिशेबात हा फरक छोटा आहे. पण पाणलोटाची हद्द आपोआप आखणारे सॉफ्टवेअर त्या खोट्या कडेशी कसे वागेल, हे त्या सॉफ्टवेअरच्या मर्जीवर राहते. असायला हवी ती यादी टाइलींवरून नव्हे तर पाणलोटाच्या हद्दीवरून काढावी, ही शिस्त इथून येते. मधलीच टाइल हरवली, तर मामला गंभीर होतो. काही मॉडेले त्रुटी दाखवून थांबतात, आणि ते नशीबच म्हणायचे. 'माहिती नाही' याची खूण असलेला उणे ९९९९ हा आकडा जिथे खरी उंची म्हणून वाचला जातो, तिथे जमिनीला दहा किलोमीटर खोल विहीर पडते आणि पूर तिच्यात नाहीसा होतो.

टाइली एकमेकींवर चढत नसतील, तर यादीचा क्रम कसाही चालतो. चढत असतील, तर क्रम म्हणजेच निर्णय, आणि या विषयात सर्वाधिक चुका इथेच होतात. पूरमॉडेलची जमीन बहुधा थरांनी बनते. खाली ३० मीटर जाळीची उपग्रहाची जमीन, तिच्यावर लायडार, त्यावर नदीपात्राची मोजणी आणि सर्वांत वर नवा बांध किंवा रस्त्याचा भराव. एका चौकटीवर दोन उंच्या आल्या, तर कोणती जिंकते? जीडॅल या मुक्त साधनसंचातली 'जीडॅलबिल्डव्हीआरटी' ही आज्ञा यादीत शेवटी आलेल्या फाइलीला मान देते. ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या टफ्लो या मॉडेलची जमीन ज्या नियंत्रण-फाइलीत मांडतात, तिथेही खालची ओळ वरच्या ओळीवर मात करते. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाच्या हेक-रासमध्ये मात उलटे आहे. तिथे जमीन तयार करण्याच्या खिडकीत सर्वांत वरची फाइल सर्वश्रेष्ठ. एकीकडची यादी जशीच्या तशी दुसरीकडे नेली, तर नवा बांध जुन्या जमिनीखाली गाडला जातो. मॉडेल तक्रार न करता चालते, नकाशाही देखणा येतो, फक्त बांध नसल्यासारखे पाणी गावात शिरते.

त्यात वर्णानुक्रमाची भर. संगणक नावे अक्षरे म्हणून लावतो, आकडे म्हणून नव्हे. म्हणून 'आवृत्ती१०' ही 'आवृत्ती९'च्या आधी येते आणि शेवटच्याला मान देणाऱ्या पद्धतीत जुनी नववी जिंकते. '०९', '१०' असे शून्य लावून लिहिले की हा घोटाळा मुळातच टळतो. एसआरटीएमच्या रेखांशाला '०७४' असे तीन अंक आहेत, त्यामुळे तिथे तो उद्भवत नाही. शिवाय 'फाइंड' ही आज्ञा कोणताच क्रम लावत नाही. डिस्कवर नोंदी जशा सापडतील तशा ती देते. तिच्यापुढे 'सॉर्ट' जोडले नाही, तर एकाच फोल्डरची दोन संगणकांवरची यादी वेगळ्या क्रमाची निघू शकते, आणि जमीनही वेगळी.

यादी तयार झाली की ती मॉडेलच्या भाषेत उतरवायची. टफ्लोच्या बाबतीत दर नावाआधी 'रीड ग्रिड झेडपीटीएस' ही आज्ञा आणि बरोबरीची दोन चिन्हे लागतात. स्तंभवार संपादन करणाऱ्या कोणत्याही मजकूर-संपादकात तीनशे ओळींना ती एका झटक्यात लावता येते, किंवा 'फॉर' आवर्तनाने थेट तशाच ओळी छापून घेता येतात. बॅच फाइलीत त्या आवर्तनातले टक्केचिन्ह दुहेरी लिहावे लागते, कमांड लाइनवर एकेरी. एवढ्याशा फरकावर पुष्कळांचे तास गेले आहेत. टफ्लोसोबत 'एएससी-टू-एएससी' नावाचे साधनही येते, ते अनेक टाइली जोडून एक जाळी करते. ब्रिस्टल विद्यापीठात घडलेल्या लिसफ्लड-एफपीला तर जमिनीची एकच फाइल चालते, त्यामुळे तिथे जोडणी टाळताच येत नाही.

जोडणीसाठी खऱ्या फाइली एकत्र करण्यापेक्षा व्हीआरटी बरी. ही काही किलोबाइटांची मजकूर-फाइल असते. कोणती टाइल कुठे बसते एवढेच ती सांगते आणि उंच्या मूळ टाइलींतूनच वाचल्या जातात. म्हणजे यादीच, फक्त नकाशावर बसवलेली. ती करताना नावे आज्ञेतच ओळीने लिहिण्यापेक्षा यादीची फाइल द्यावी, कारण विंडोजच्या कमांड लाइनवर ८१९१ अक्षरांपुढे मजकूर जात नाही. ८० अक्षरांचे मार्ग असतील, तर शंभरेक टाइलींतच मर्यादा संपते. आणखी दोन गोष्टींवर नजर हवी. काहीही न सांगितल्यास 'जीडॅलबिल्डव्हीआरटी' टाइलींच्या वेगवेगळ्या मापांची सरासरी काढून त्या मापाची जाळी करते. एक मीटर आणि दोन मीटरच्या टाइली एकत्र दिल्या, तर कोणीच न मागितलेले मधले माप मिळते. वेगळ्या प्रक्षेपाची टाइल ती इशारा देऊन वगळते, आणि इशारा शेकडो ओळींच्या गर्दीत वाचला जात नाही.

मजकुराच्या आडवाटा वेगळ्याच. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलच्या जुन्या, ५.१ पर्यंतच्या आवृत्त्या '>' ने काढलेली फाइल दोन बाइटी युनिकोडमध्ये लिहितात. पडद्यावर ती बिनचूक दिसते, पण जीडॅलला त्यात एकही ओळखीचे नाव सापडत नाही. विंडोजवर काढलेल्या यादीच्या दर ओळीअखेर एक जादा अदृश्य अक्षर असते, आणि लिनक्सच्या स्क्रिप्टमध्ये ते फाइलीच्या नावाला चिकटून 'अशी फाइल नाही' असे उत्तर येते. मार्गात मोकळी जागा असेल, तर अवतरणचिन्हे हवीत. ड्राइव्हच्या अक्षरासकट पूर्ण मार्ग असलेली यादी दुसऱ्या संगणकावर निरुपयोगी ठरते. मॉडेलच्या फोल्डरपासून मोजलेला सापेक्ष मार्ग टिकतो. आणि यादी एक्सेलमध्ये उघडू नये. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशा-क्रमांकांत कल्याण-इगतपुरीचा पट्टा '४७ ई' मध्ये येतो. त्यातल्या बाराव्या नकाशाच्या फाइलीला कोणी '४७ई१२' असे नाव दिले, तर एक्सेल ते ४७ वर बारा शून्ये असा आकडा समजते आणि जतन केल्यावर मूळ नाव परत मिळत नाही.

एवढे करूनही यादीला जे कळत नाही ते कळत नाही. नाव जागा सांगते, उंची कशापासून मोजली ते सांगत नाही. एसआरटीएमच्या उंच्या ईजीएम-९६ या भूरूप-पृष्ठापासून, म्हणजे साधारण समुद्रसपाटीपासून, आणि युरोपीय कोपर्निकस कार्यक्रमाच्या ३० मीटर जाळीच्या ईजीएम-२००८ पासून. मे २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ च्या चित्रांवरून हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने बनवलेल्या कार्टोडेमच्या उंच्या मात्र डब्ल्यूजीएस-८४ या गणिती लंबगोलापासून मोजलेल्या आहेत. पश्चिम महाराष्ट्रात या लंबगोलात आणि समुद्रसपाटीत साठ मीटरांहून जास्त फरक पडतो. एसआरटीएम आणि कार्टोडेमच्या टाइली एका यादीत शेजारी बसवल्या, तर यादी पूर्ण, क्रम बरोबर, आकारही ठीक, आणि तरी टाइलींच्या सांध्यावर सिंहगडाहून सरळ कडा उभा राहतो. असा कडा नकाशावर रंगांतून तरी दिसतो. पाच-सहा मीटरांचा फरक दिसतही नाही, आणि सांगलीसारख्या सपाट खोऱ्यात तोच महाग पडतो. तिथे आयर्विन पुलावर ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. इशाऱ्यापासून हाहाकारापर्यंतचे सारे अंतर पाच-सहा मीटरांत मावते. म्हणून यादीवरून आवर्तन चालवून दर टाइलीवर 'जीडॅलइन्फो' चालवावे आणि प्रक्षेप, चौकटीचे माप, किमान व कमाल उंची यांचा तक्ता काढावा. किमान उंचीचा स्तंभ वाचायला एक मिनिट लागते आणि बहुतेक विसंगती तिथेच पकडल्या जातात.

काम संपल्यावरही यादी टाकून द्यायची नसते. मॉडेलच्या निकालासोबत तारीख, आकार आणि दर फाइलीचा हॅश, म्हणजे आशयावरून काढलेला ठसा, असलेली यादी जपली, तर दोन वर्षांनी निकाल बदलला तेव्हा जमीन बदलली की गणित, हे दोन याद्यांच्या तुलनेतून ठरते. हॅश विंडोजवर 'सर्टयूटिल' आणि लिनक्सवर 'एसएचए२५६सम' काढून देते. नुसत्या तारखांवर भिस्त ठेवता येत नाही. विंडोजमध्ये फाइल दुसरीकडे नकलली की 'निर्मिती'ची तारीख नवी होते, 'बदला'ची जुनीच राहते. त्यामुळे फाइल जन्माच्या आधीच बदलली गेल्यासारखी दिसते.

अलीकडे पायथनच्या स्क्रिप्टी, टाइलींचा नकाशाच बनवणारी 'जीडॅलटीइंडेक्स' ही आज्ञा आणि थेट क्लाउडवरून वाचल्या जाणाऱ्या जिओटिफ फाइली यांमुळे टाइली स्वतःच्या फोल्डरात उतरवण्याची गरज कमी होत आहे. यादी तरीही सुटत नाही. कोपर्निकसच्या टाइली क्लाउडवर खुल्या ठेवल्या आहेत, पण निव्वळ समुद्र असलेल्या चौकोनांच्या टाइली तिथे नाहीत. कोकण किनाऱ्याचे काम करणाऱ्याने नावांच्या नियमावरून मागणी केली, तर अरबी समुद्रातल्या टाइलीसाठी 'फाइल नाही' हेच उत्तर येते, आणि ती हरवली की मुळात नव्हतीच हे उत्तरावरून ठरत नाही. हे ठरवण्यासाठी त्या भांडारातच सगळ्या उपलब्ध टाइलींच्या नावांची एक साधी मजकूर-फाइल ठेवलेली आहे.